मेरियनबाई कुणाकडे राहिल्या

१४ सप्टें. २००६, गुरु.

गुडघा आज फारच कुरकुरला. सामानाच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढले आणि दाराबाहेर पायरीवरच बसले. समोरच्या मिसेस डॉनेलीने दार उघडून विचारलं, "यू ऑलराइट, हेन?" (इथे बायकांना लाडाने हेन म्हणतात.) फाइन म्हटलं. ग्लासगोत अर्धा जन्म गेला, शिकले काय तर 'फाइन'.

संध्याकाळी ओरेगनहून विहीणबाईंचा फोन. डॉरथी, म्हणजे आमच्या शमीच्या सासूबाई. शमीला चौथा लागलाय, बरी आहे, एवढं सांगून मुद्द्यावर आल्या. त्यांच्या गावाचं पायोनियर लोकांवर पुस्तक निघतंय, पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक घराण्यावर एक प्रकरण. डॉरथींची पणजी ॲग्नेस ब्लेअर इथली, एअरशरमधल्या विणकरांच्या गावची. नवऱ्याबरोबर बोटीने अमेरिकेला गेली आणि मग अख्खा देश बैलगाडीतून ओलांडून ओरेगनला पोचली. तिथे वॅगन म्हणतात, पण बैल जुंपले म्हणजे बैलगाडीच. तिची आई कोण, कुठे राहिली, कुठे पुरली, ते त्यांना हवंय. "यू आर राइट देअर, कूमूड!"

राइट देअर. म्हणजे जणू माझ्या परसात पुरलीय.

हो म्हणाले. मुलीकडची बाजू. वरमाईने तोंडाने मागितलेली एकच गोष्ट, तीही लग्नानंतर आठ वर्षांनी. नाही म्हणायची सोय आहे का?

१९ सप्टें.

डॉक्टर म्हणाली, गुडघा बदलता येईल, पण रांग लांब आहे, आणि नंतरही तीन मजल्यांवर राहणं शहाणपणाचं नाही. हे गेल्यापासून सगळे तेच सांगतायत. हेच आता डॉक्टरच्या तोंडून ऐकलं, म्हणजे ठरल्यासारखंच. फ्लॅट विकायचा.

आणि मग?

अजयला रीडिंगला फोन केला. "इकडे ये ना आई. दॅट्स द प्लॅन, राइट?" प्लॅन कधी झाला मला माहीत नाही. पण तो चूक म्हणत नाही. मुलगा आहे म्हटल्यावर विचारायचं काय त्यात. माझ्या सासूबाईही शेवटी थोरल्या दिरांकडेच होत्या.

शमीलाही सांगितलं. म्हणाली, "मग इकडे ये. कायमची. मागे एक खोली आहे, ग्राउंड फ्लोअर, बाथरूम पण आहे. मार्कनेच आधी म्हटलं." मी हसून विषय बदलला. बाळंतपणाला येईन, ते वेगळं. कायमचं राहायला जावयाच्या घरी?

२ ऑक्टो.

रेकॉर्ड ऑफिसात गेले. दोन बसेस. हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत वीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचली, त्याचा इथे उपयोग झाला. चर्चच्या नोंदी म्हणजे नुसत्या मुंग्या. पण सापडली! ॲग्नेसचा बाप्तिस्मा. वडील जॉन टेनंट, विणकर. आई मेरियन गिलमोर. पाठचे दोन भाऊ.

घरी येऊन विहीणबाईंना (इथून पुढे वि.बा., हात दुखतो) ईमेल केली. "Mother: Marion John Tennant." बरं वाटलं. किती दिवसांनी कुणालातरी काहीतरी शोधून दिलं.

५ ऑक्टो.

वि.बांचं उत्तर. घरातले सगळे कागद पाहिले, मेरियन जॉन टेनंट कुठेच नाही. "पुअर थिंग, शी मस्ट हॅव स्टेड बिहाइंड अँड डाइड अलोन." मी कळवलं, एकटी कशी मरेल, दोन मुलगे होते की. मुलगे सापडले की आई सापडेल.

आता मुलगे शोधणं आलं. वि.बा. तिकडून उंटावरून शेळ्या हाकतायत आणि शेळी मी.

२२ ऑक्टो., रीडिंग

दिवाळीला अजयकडे. सुनेने, जुईने, चकल्या विकतच्या आणल्या. तीच म्हणाली, "आई, तुमच्यासारख्या मला नाही जमत." मुलगी वाईट नाही. पहाटे निघते, दिवेलागणीला येते, मान मोडून काम. दोघांचं तेच, मुलं शाळेत. दिवसभर घरात मी आणि बॉयलर. एम-फोर हायवेचा आवाज मागच्या बागेपर्यंत येतो.

माझी खोली दाखवली. सध्या तिथे ट्रेडमिल आहे. जिना इथेही आहेच. अजय म्हणाला, "स्टेअरलिफ्ट लावू." त्याचा चेहरा पाहून वाटलं, बिचाऱ्याने सगळा विचार करून ठेवलाय. मग मी शमीच्या खोलीबद्दल बोलले. सहजच.

चेहरा पडला. "शमीकडे? आई, तुला मुलगा आहे. लोक काय म्हणणार?"

कोण लोक, विचारावंसं वाटलं. रीडिंगमध्ये चार मराठी घरं. पण हे 'लोक' त्याच्या डोक्यात घातले कुणी? इथे जन्मलेला पोरगा. मीच लहानपणी सांगायचे, तुझी आज्जी काकांकडे राहते कारण मुलाकडे राहायचं असतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं, हेही सांगितलं होतं. माझी आई तशीच वागली. अजय झाल्यावरच ग्लासगोला आली आणि परत जाताना म्हणाली, राहिले असते गं, पण.

८ नोव्हें.

थोरला मुलगा सापडला. लॅनार्कशरमध्ये कोळशाच्या खाणीत. एका नोंदीत बायको, पोरं, एक भाडेकरू. आई नाही.

१६ नोव्हें.

धाकटा पेझलीला. त्याच्याकडेही नाही. दोघांकडच्या सगळ्या वर्षांच्या जनगणना पाहिल्या. मृत्यूंच्या नोंदीत मेरियन टेनंट ढिगाने, आपली एकही नाही. कुणाचा नवरा वेगळा, कुणाचं वय.

घरी येताना बसमध्ये जागा नव्हती. उभी राहिले. नको झालंय. ही बाई माझी कोण लागते? लेकीच्या सासूच्या पणजीची आई. नात्याला नाव नाही आणि मी तिच्यासाठी गुडघे झिजवतेय.

२५ नोव्हें., शनि.

एअरशरला गावी जाऊन आले. बस, मग चालत. पाऊस नेहमीचाच. चर्चची देखभाल करणाऱ्या बाईने आतून छत्री आणून दिली आणि दगडांमधून फिरवलं. टेनंट बरेच. पण एक गोष्ट पहिल्यांदाच नीट पाहिली. दगडावर नवऱ्याचं नाव, खाली बायकोचं, आणि आडनाव तिचं स्वतःचं, माहेरचं. 'हिज वाइफ' म्हणून खाली लिहिलंय, पण नाव तिचंच. मी विचारलं. बाई म्हणाली, "ओ अय, वुमेन अल्वेज केप्ट देअर ओन नेम. युअर मॅरिड नेम वॉज ओन्ली फॉर द नेबर्स."

इतकी वर्षं इथे राहून हे माहीत नव्हतं. माझं तर पहिलं नावही सासरचं. लग्नाआधी मी सिंधू होते. ताटातल्या तांदळात अंगठीने कुमुद लिहिलं आणि त्या दिवसापासून सिंधू म्हणून हाक मारणारं एकेक माणूस कमी होत गेलं. आता कुणीच उरलेलं नाही. कधी वाईट वाटलं नव्हतं, आज त्या ओल्या दगडांपाशी वाटलं.

गिलमोर नावाच्याही नोंदी पाहायच्या. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून.

५ डिसें.

मेरियन गिलमोर, मृत्यू, एअरशर: नाही. लॅनार्कशर: नाही. पेझली: नाही. काउंटरवरची मुलगी आता मला पाहून न विचारताच नोंदींची फिल्म काढून ठेवते.

२८ डिसें.

नाताळ एकटीनेच. अजय येतो म्हणाला होता, त्याच्या धाकट्या मुलाला ताप आला. मिसेस डॉनेलीने पुडिंग आणून दिलं. फ्लॅटचा माणूस जानेवारीत फोटो काढायला येणार. कपाटं आवरायला घेतली आणि ह्यांचे स्वेटर हातात आले. तिथेच थांबले.

शमीचा फोन. तिच्या आवाजात पहिल्यांदाच भीती. "आई, तू येणार ना नक्की? मला काही येत नाही गं. बाळ कसं धरतात पण माहीत नाही." म्हटलं, कुणालाच माहीत नसतं. मला तरी कुठे होतं. मग म्हणाली, "आणि नंतर? खोलीचं सांग ना. मार्क पेंट करायचं म्हणतो." सांगते म्हटलं.

दोन्हीकडे 'सांगते' म्हणून ठेवलंय.

१४ जाने. २००७, रवि.

तिळगूळ टपालाने पाठवायला उशीर झाला. असो.

वि.बांचा फोन. प्रकरण जवळजवळ लिहून झालं, फक्त ॲग्नेसच्या आईची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, माफ करा, मला नाही सापडली. सगळं धुंडाळलं. त्या म्हणाल्या, यू डिड युअर बेस्ट, डिअर. मग मला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं वाचून दाखवायला लागल्या. बैल कसे मेले, पिठाचं पिंप नदीत कसं वाहून गेलं, ॲग्नेसने चालत चालत मुलाला कसं पाजलं. मी सोफ्यावर पाय वर घेऊन ऐकत होते, खरं सांगायचं तर अर्धवट. आणि मग:

"देअर वॉज ऑल्सो अ फेथफुल ओल्ड सर्व्हंट, मिस गिलमोर, हू केम विथ देम फ्रॉम स्कॉटलंड टु माइंड द चिल्ड्रन. शी डाइड बाय द रिव्हर. माय फादर पुट अप अ स्टोन फॉर हर."

मी म्हटलं, परत वाचा.

त्यांनी परत वाचलं.

पहिलं नाव काय तिचं? "मेरियन, आय थिंक. यस. मेरियन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्याच काखेत. मला ऑक्टोबरातच नाव मिळालं होतं, मेरियन गिलमोर, स्वच्छ अक्षरात. आणि मी वि.बांना कळवलं काय? मेरियन जॉन टेनंट. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. कुमुद श्रीकांत बापट, तसं. हात आपोआप तसाच चालला. त्या बाईला सासरचं नाव मीच चढवलं आणि मग दोन महिने त्या नावाने तिला शोधत हिंडले.

वि.बांना सांगितलं. मग म्हणाल्या, "डॅड वॉज सो प्राउड ऑफ दॅट स्टोन." आणि रडायला लागल्या. माझ्या तोंडातून निघालं, अहो विहीणबाई, रडू नका. मराठीत. कळलं असावं.

१६ जाने.

खात्री करायला रेकॉर्ड ऑफिस. मुलगे जिथे होते त्या सगळ्या जनगणना पाहिल्या होत्या, पण ॲग्नेसच्या घरची पाहिली नव्हती. एकदाही नाही. आई आणि लेकीच्या घरी, हे डोक्यातच आलं नाही. आज पाहिली. अमेरिकेला जायच्या आधीची. विल्यम ब्लेअर, विणकर. ॲग्नेस. एक मुलगा. आणि खाली मेरियन गिलमोर, विधवा, नात्याच्या रकान्यात: मदर-इन-लॉ.

जावयाच्या घरी राहत होती. दोन मुलगे जवळ असताना. आणि लेक निघाली तेव्हा साठी ओलांडलेली असताना तीही निघाली.

काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, सापडली. ती एवढी खूश झाली की मलाच तिला सावरावं लागलं.

१७ जाने.

शमी फोनवर नाचायची बाकी. "बघ! बघ आई! दीडशे वर्षांपूर्वी पण आया मुलींकडे यायच्या." तिला वाटतंय मेरियनबाई तिच्या बाजूने साक्ष द्यायला आल्या.

मला मात्र काल संध्याकाळपासून दुसरंच दिसतंय. लेकीबरोबर गेली. लेकीची पोरं सांभाळली. वाटेत मेली. आणि नातवंडांच्या नातवंडांच्या तोंडी काय झाली, तर नोकर. वाईट कुणीच वागलं नाही. तिचं आडनाव वेगळं, ती मुलं धरून बसलेली, मग दुसरं काय असणार? दगडसुद्धा प्रेमानेच बसवला.

भीती वाटते ती हीच, लोक काय म्हणतील ती नव्हे. माझं आडनाव वेगळं, रंग वेगळा, बोली वेगळी. मागच्या खोलीत राहून बाळाला न्हाऊमाखू घालणार, वरणभात करणार. शमीच्या पणतूला कुणी सांगेल, देअर वॉज ऑल्सो ॲन ओल्ड इंडियन लेडी हू हेल्प्ड विथ द बेबी. बास. हे कुणाला सांगू? अजयला सांगितलं तर तो म्हणेल, म्हणूनच म्हणतो इकडे ये. तिथे मी नोकर होणार नाही. तिथे मी दिवसभर कुणीच होणार नाही.

२९ जाने.

वि.बांनी प्रकरण बदललं. पुस्तकवाल्यांशी भांडल्या, पानं लागून झाली होती तरी. दगडही बदलणार. काय लिहू, मला विचारलं. मी म्हटलं, मेरियन गिलमोर, मदर ऑफ ॲग्नेस. आणखी काही नको? नको.

मग म्हणाल्या, आता मेरियनची आई शोधाल का? मी फोनवर हसत सुटले. त्याही. विहिणी विहिणी असं कधी हसलो नव्हतो.

ठेवताना वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "कूमूड, इफ यू कम, यू डोन्ट कम टु वर्क. आय वॉन्ट यू टु नो दॅट." शमीने काही सांगितलं की त्यांना आपसूक कळलं, माहीत नाही. थँक यू म्हटलं. पण येणाऱ्याने काम करायचं नाही असं ठरवून काम थांबतं का? बाळ रडलं की मीच उठणार. मला बसवणारच नाही.

६ फेब्रु.

अजय एका दिवसासाठी येऊन गेला. खोके भरले. जेवताना म्हणाला, "आई, खरं सांग. मी काही चुकलो का?" एवढा मोठा माणूस, केस पिकायला लागले, आणि ताटाकडे पाहत विचारतोय. नाही रे बाळा. तू कुठे चुकलास. चुकलं कुणाचंच नाही, हीच तर पंचाईत.

खरंच नाही चुकला. त्याला सोडून गेले तर आयुष्यभर त्याला वाटणार, आपल्याकडे राहिली नाही. आणि शमीकडे नाही गेले तर तिला वाटणार, मुलगी म्हणून नाही आली. स्वतःचे तुकडे करून वाटले तरी दोघांना कमीच पडेन. दमले.

१० फेब्रु., शनि.

सकाळी फ्लॅट पाहायला एक जोडपं आलं. लग्न नुकतंच झालेलं असावं. ती मुलगी सगळ्या खोल्यांतून दोनदा फिरली, खिडकीशी थांबली, तीन जिन्यांचं तिला काही वाटलं नाही. तो भिंती ठोकून बघत होता. एजंट खाली फोनवर.

मी चहा विचारला. घेतला. स्वयंपाकघरात मुलगी म्हणाली, "इट्स अ लव्हली फ्लॅट. वेअर आर यू ऑफ टु, इफ यू डोन्ट माइंड मी आस्किंग?"

रीडिंग म्हणायला तोंड उघडलं. खरंच. अजयचा खोके भरतानाचा चेहरा समोर होता.

"टु माय डॉटर्स," म्हणाले.

"ओ, दॅट्स लव्हली," ती म्हणाली आणि नळ सोडून पाण्याचं प्रेशर बघायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला. मी मात्र किटली हातात धरून उभीच.

दुपारी एजंटचा फोन. त्यांना फ्लॅट हवाय. सोमवारपर्यंत हो-नाही सांगा.

अजयला अजून काही सांगितलेलं नाही. शमीला नाही, विहीणबाईंनाही नाही. त्या मुलीला तेवढं माहीत आहे, आणि तिला माझं नावसुद्धा माहीत नाही.